अपडेटनंतर पगाराचे आकडे चुकताहेत? आधी तारखा तपासा

टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा नवा रिलीज टाकला की छोट्या कारखान्यांत, दुकानांत, क्लिनिकमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: "अपडेटने पगार बिघडवला." बहुतेक वेळा अपडेटने काहीच बिघडवलेलं नसतं. अपडेट प्रोग्राम बदलतं. पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), व्यवसाय कर यांचे दर मात्र तुमच्याच कंपनीच्या डेटात, पे हेडमध्ये (पगारातल्या प्रत्येक भत्त्याच्या किंवा कपातीच्या नोंदीत), कुणीतरी हाताने भरलेले असतात. सरकारने दर बदलला आणि तुम्ही रिलीजही बदललात, तरी पे हेडमधली जुनी ओळ जशीच्या तशी राहते. पगारावरचा आयकर हा यातला मोठा अपवाद. त्याचे स्लॅब रिलीजबरोबर येतात, म्हणून टीडीएस (पगारातूनच कापायचा आयकर) कापणाऱ्यांना अपडेट टाळून चालत नाही.

खाली पायऱ्या टॅलीप्राइम आणि महाराष्ट्रातले नियम धरून दिल्या आहेत. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मेनूची नावं बदलतील, तपासायचा क्रम तोच राहील.

पायरी १: बॅकअप, तोही वेगळ्या फोल्डरमध्ये

काहीही दुरुस्त करायच्या आधी ऑल्ट + वाय दाबून डेटा मेनू उघडा आणि बॅकअप घ्या. फोल्डरला आजची तारीख आणि रिलीज नंबर असं नाव द्या. अपडेटच्या आधीचा बॅकअप जिथे ठेवलाय तिथेच नवा टाकू नका. जुना बॅकअप शाबूत असेल तर परत जाता येतं. तो पुसला गेला तर बिघडलेल्या डेटाच्या दोन प्रती हातात राहतात, बाकी काही नाही. हे चालू असताना दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला नोंदी थांबवायला सांगा.

पायरी २: नेमकं कुठे अडलंय ते ठरवा

चार शक्यता आहेत आणि प्रत्येकीचा उपाय निराळा. अपडेट बसतच नाही. बसलं, पण कंपनी उघडत नाही किंवा पगाराची स्लिप विचित्र छापली जाते. सगळं उघडतं, पण आकडे चुकतात. आकडे बरोबर आहेत, पण पीएफचं पोर्टल फाइल घेत नाही. "पेरोलला एरर येतोय" एवढ्यावर सपोर्टवाला काही करू शकत नाही. त्याला यातलं कोणतं ते सांगावं लागतं.

पायरी ३: अपडेट बसत नसेल तर

आधी एफ१ मधल्या अबाउटमध्ये रिलीज नंबर, लायसन्स आणि टीएसएस वर्गणीची मुदत बघा. मुदत संपली असेल तर नवा रिलीज मिळणार नाही, आणि बाकी खटपट व्यर्थ आहे. मुदत आहे, तरी बसत नाही? मग टॅली सगळ्या संगणकांवर बंद करा, इन्स्टॉल फाइलवर राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, आणि अँटिव्हायरसने फाइल अडवली आहे का तेही बघा. संगणकाची स्वतःची तारीख बरोबर आहे ना, हेही पाहून घ्या. मदरबोर्डची बॅटरी मेलेल्या जुन्या पीसीवर तारीख काही वर्षं मागे जाते आणि लायसन्स रुसून बसतं.

पायरी ४: बसलं, पण कंपनी उघडत नाही किंवा स्लिप बिघडली

कंपनी उघडत नसेल तर डेटा मेनूतला रिपेअर वापरा. बॅकअप आधीच घेतलेला आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. नेटवर्कवर तीन-चार संगणक असतील तर सगळीकडे एकच रिलीज ठेवा. नव्या रिलीजमध्ये उघडून बदललेला डेटा जुन्यात उघडेलच असं नाही.

स्लिप बिघडली असेल तर संशय टीडीएलवर, म्हणजे टॅलीत वेगळ्या जोडलेल्या खास प्रोग्रामवर, घ्या. लोगो असलेली, रजेचा हिशेब दाखवणारी स्लिप स्थानिक माणसाकडून करून घेतलेली असते, आणि ती जुन्या रिलीजच्या मापाची असते. एफ१ मध्ये टीडीएल आणि अ‍ॅड-ऑनच्या यादीत जाऊन ती तात्पुरती बंद करा आणि साधी स्लिप काढून बघा. साधी नीट आली तर प्रोग्रामचा दोष नाही. टीडीएल करणाऱ्याला फोन लावा.

पायरी ५: आकडे चुकतात

खरा वेळ इथेच जातो, आणि गुन्हेगार बहुधा एक तारीख असते. पे हेडमध्ये प्रत्येक दरापुढे "इफेक्टिव्ह फ्रॉम" असतं. कर्मचाऱ्याच्या डिफाइन सॅलरीतही (त्याला कोणती पे हेड लागू आहेत ते भरायचं पान) ते असतं. पगार ज्या महिन्याचा, त्या महिन्याला लागू होणारी ओळ सॉफ्टवेअर उचलतं. ती ओळच नसेल तर जुनी उचलतं. म्हणून नियम एकच ठेवा: दर बदलला की जुन्या ओळीला हात न लावता तिच्याखाली नव्या तारखेची नवी ओळ टाका. जुनी ओळ खोडून नवा दर भरला, तर मागचे महिने पुन्हा ऑटोफिल केल्यावर (सॉफ्टवेअरकडून आकडे आपोआप भरून घेतल्यावर) तेही बदलतात, आणि मग मार्चअखेर काहीच जुळत नाही.

सगळ्यांची स्लिप काढत बसू नका. चुकलेल्यांपैकी एकच कर्मचारी घ्या आणि कागदावर हाताने हिशेब मांडा.

व्यवसाय करापासून सुरुवात करा, कारण सर्वांत जास्त चुका त्यात सापडतात. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याला महिना ७,५०० रुपयांपर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५, त्यापुढे २०० आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० मिळून २,५०० होतात. राज्यघटनेच्या कलम २७६ ने वर्षाला तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. महिलांसाठी १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत कर नाही, त्यापुढे २०० आणि फेब्रुवारीत ३००.

आता समजा, पॅकिंग विभागातल्या एका बाईंचा पगार २२,४०० आहे आणि स्लिपमध्ये २०० कापलेले दिसतात. त्यांच्या डिफाइन सॅलरीत पुरुषांचंच पे हेड लावलेलं असणार. सोपा मार्ग म्हणजे व्यवसाय कराची दोन वेगळी पे हेड ठेवायची, एक पुरुषांचं, एक महिलांचं. महिलांच्या पे हेडमध्ये स्लॅब असे दिसायला हवेत:

१-४-२०२३ पासून: ० ते २५,००० ला ०, २५,००० च्या पुढे २००
१-२-२०२४ पासून: ० ते २५,००० ला ०; २५,००० च्या पुढे ३००
१-३-२०२४ पासून: ० ते २५,००० ला ०, २५,००० च्या पुढे २००

फेब्रुवारी आणि मार्चची ही जोडी दर वर्षी टाकावी लागते. फेब्रुवारीची ओळ आठवणीने टाकली जाते आणि मार्चची राहते, मग मार्चमध्येही ३०० कापले जातात. मार्चच्या पगारात सगळ्यांचेच शंभर रुपये जास्त गेले असतील तर दुसरं काही शोधूच नका.

महाराष्ट्र कामगार कल्याण निधीचीही हीच तऱ्हा. कपात फक्त जून आणि डिसेंबरच्या पगारात: कर्मचाऱ्याचे २५, मालकाचे ७५. जुन्या डेटात अजून १२ रुपयांची ओळ दिसली तर दर बदलायचा राहिलेला आहे. आणि जानेवारी, जुलैमध्ये किमान वेतनाचा विशेष भत्ता सुधारतो. तेव्हा मूळ पगार बदललेले नसतील तर डिफाइन सॅलरीत नव्या तारखेची ओळ आहे का ते बघा.

पीएफ. समजा एकाचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता १४,००० होता, तो वाढून १६,५०० झाला. आधी त्याची कपात १,६८० होती. आता स्लिपमध्ये १,९८० दिसते. पीएफची पगारमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे, त्यामुळे मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८०० यायला हवेत. १,९८० आले याचा अर्थ स्लॅबला वरची सीमाच घातलेली नव्हती. चौदा हजारांपर्यंत ते कुणाच्या लक्षात यायचं कारणही नव्हतं. पूर्ण पगारावर पीएफ भरायचा असं मालक आणि कर्मचाऱ्याने ठरवलं असेल तर १,९८० बरोबरही असू शकतात, म्हणून बदलण्याआधी विचारा. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन खात्यात आणि ५५० पीएफमध्ये जातात. ५८ वर्षं पूर्ण केलेल्याचं पेन्शनचं अंशदान थांबतं आणि मालकाचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो. वयाची ही अट पे हेडला आपोआप कळेल असं गृहीत धरू नका.

ईएसआयमध्ये एक गंमत आहे. मर्यादा महिना २१,००० ची, कपात कर्मचाऱ्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के, हे दर १ जुलै २०१९ पासूनचे. पण अंशदानाचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा धरतात. एखाद्याचा पगार जुलैत २०,५०० वरून २२,००० झाला, तर त्याची कपात जुलैत थांबत नाही, सप्टेंबरअखेरपर्यंत चालू राहते, आणि तीही २२,००० वर: त्याचे १६५, मालकाचे ७१५. स्लॅबला २१,००० ची सीमा घातलेली असेल तर जुलैत कपात शून्य होऊ शकते आणि कुणी तक्रारही करत नाही, कारण हातात पगार जास्त पडतो. अशा माणसाला सप्टेंबरपर्यंत वरची सीमा नसलेलं वेगळं पे हेड लावा आणि १ ऑक्टोबरच्या नव्या ओळीत ते काढा. नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या नियमात ओव्हरटाइमचे पैसे २१,००० ची मर्यादा ओलांडली का हे पाहताना धरत नसत, अंशदान काढताना मात्र धरत. पे हेडमध्ये ओव्हरटाइम कुठे मोजला जातो ते एकदा उघडून बघाच. पैसे पुढच्या रुपयात पूर्ण करायचे असतात, त्यामुळे राउंडिंग अपवर्ड हवं.

पगारच शून्य आला असेल तर दर तपासत बसू नका. त्या महिन्याचं हजेरीचं व्हाउचर भरलंय का ते बघा. मूळ पगार हजेरीवर मोजायला लावलेला असतो आणि हजेरी नसली की सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे शून्य देतं.

आयकराबाबत दोनच गोष्टी. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप धरली जाते, त्यामुळे ज्याला जुनी हवी त्याच्या मास्टरमध्ये (टॅलीतल्या त्याच्या मूळ नोंदीत) तसं नोंदवलेलं हवं. आणि २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही. त्याखालच्या पगारावर नव्या प्रणालीतला टीडीएस दिसला तर रिलीज जुना आहे.

पे हेड सुधारलं म्हणजे काम झालं असं नाही. आधी साठवलेलं पेरोल व्हाउचर स्वतःहून बदलत नाही, त्यात जुनेच आकडे गोठलेले असतात. व्हाउचर उघडून जुन्या ओळी काढा, पुन्हा ऑटोफिल करा. साठवण्याआधी कागदावरच्या त्या एका कर्मचाऱ्याचा आकडा जुळतो का बघा, मगच स्वीकारा. पगार, पीएफ अंशदान, ईएसआय अंशदान यांची व्हाउचरं वेगवेगळी असतात. पगाराचं सुधारून मालकाच्या वाट्याचं विसरणं फार सोपं आहे.

पायरी ६: पोर्टल फाइल परत करतं

पीएफची ईसीआर, म्हणजे दर महिन्याला पोर्टलवर भरायचं विवरण, ही साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ, त्यात #~# या खुणेने जोडलेले ११ रकाने: यूएएन (कर्मचाऱ्याचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण पगार, पीएफचा पगार, पेन्शनचा पगार, ईडीएलआयचा (पीएफसोबतच्या विम्याचा) पगार, तीन अंशदानांचे आकडे, बिनपगारी दिवस आणि परत केलेली उचल. पेन्शनच्या पगाराच्या रकान्यात १५,००० पेक्षा मोठा आकडा दिसला तर चूक पायरी ५ मधलीच आहे. रकमेत स्वल्पविराम किंवा पैसे घुसलेले नसावेत. फाइल नोटपॅडमध्येच हाताने दुरुस्त करून भरायचा मोह होतो. तसं केलं तर चलन पोर्टलवर बरोबर आणि टॅलीत चूक, असा फरक वर्षभर सोबत राहतो. दुरुस्ती टॅलीत करा, फाइल नव्याने काढा.

पगार वाटून झाला असेल तर

ज्या महिन्याचा पगार बँकेत जमा झाला आणि चलन भरलं, त्या महिन्याचं व्हाउचर उघडू नका. जास्त कापलेला व्यवसाय कर पुढच्या पगारात वेगळ्या ओळीने परत द्या आणि चलनातल्या फरकाचं काय करायचं ते सल्लागाराला विचारा. कमी कापलेल्या पीएफ किंवा ईएसआयच्या बाबतीत थांबू नका. दोन्हींची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख असते आणि उशिरावर व्याज लागतं.

सध्या आणखी एक गोष्ट सल्लागाराकडून लेखी घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनात धरायची असते. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त अशी रचना असलेल्यांना याचा फटका बसतो. हा बदल अकाउंटंटने स्वतःच्या मनाने पे हेडमध्ये करू नये.

इतकं करूनही सुटलं नाही तर सपोर्टला फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: रिलीज नंबर, टीएसएसची मुदत, पडद्यावरचा एरर शब्दशः, कोणत्या महिन्याचा पगार, कोणत्या एका कर्मचाऱ्याचा कोणता आकडा किती आला आणि किती यायला हवा होता, आणि टीडीएल बंद करून बघितलं का. रिमोटवर संगणक द्यायची वेळ आली तर बँकेची आणि पोर्टलची पानं आधी बंद करा.