कोल्ड्रिंक पिऊन पोट का फुगतं आणि वजन का वाढतं

जड जेवण झालं की कोल्ड्रिंक प्यायचं, ढेकर आला की बरं वाटतं, पण तो ढेकर म्हणजे अन्न पचलं असं नाही हां, बाटलीत दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड पोटात गरम होऊन सुटतो आणि तोच वर येतो, बाकी काही नाही. उलट ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांना याने पोट ताणल्यासारखं होतं आणि आंबट पाणी घशाशी येतं.

वजनाचं म्हणाल तर दोष गॅसचा नाही, साखरेचा. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ चमचे, आणि जवळपास १४० कॅलरी. एवढी साखर चहात कोणी घालून दिली तर आपण तोंड वाकडं करू! बरं एवढं पिऊनही भूक भागत नाही, जेवण तेवढंच जातं, म्हणून त्या कॅलरी वरच्यावर जमा होतात.

डाएटवाल्यात साखर नसते पण गॅस तोच, त्यामुळे पोट फुगायचं ते फुगतंच.

अगदीच राहवत नसेल तर साधा सोडा लिंबू पिळून घ्या, साखर न घालता, आणि घोट घोट प्या, स्ट्रॉने नको कारण त्याने हवा अजून आत जाते.