बिझनेस चॅनेलच्या डेस्कवर नवे असाल तर आधी विचारा, ‘कशाच्या तुलनेत?’

बिझनेस चॅनेलचा राजकीय कल पॅनलवरच्या भांडणात शोधत बसू नका. तिथे कोण कुठल्या पक्षाचा, हे नावाखाली लिहिलेलंच असतं. कल शिरतो तो स्क्रीनवर झळकणाऱ्या आकड्यांच्या पाटीतून, म्हणजे प्लेटमधून, आणि ती प्लेट तुम्ही करता.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला भांडवली खर्च (रस्ते, रेल्वे अशा टिकाऊ कामांवरचा) घ्या. तरतूद ११.२१ लाख कोटी. २०२४-२५ चा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष संपत आल्यावर सरकारने बदललेला आकडा, होता १०.१८ लाख कोटी. त्याच्याशी तुलना केलीत की प्लेट होते ‘भांडवली खर्चात १० टक्के वाढ’. पण त्याच २०२४-२५ ची मूळ तरतूद ११.११ लाख कोटी होती. तिच्याशी ताडलंत तर वाढ एक टक्काही भरत नाही. दोन्ही प्लेटांत एकही आकडा खोटा नाही. पहिली सत्ताधारी शेअर करतील, दुसरी विरोधक. आणि खरी बातमी दोन्हींतून निसटते: आधीच्या वर्षी जाहीर केलेल्या रकमेपैकी सुमारे ९३ हजार कोटी खर्च होणार नाहीत, हे सरकारच्याच कागदात आहे.

हा सापळा मला अजून बोचतो, म्हणून आणखी सांगते. अर्थसंकल्पाच्या गोषवाऱ्यात चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, नवी तरतूद. शेवटचे दोन शेजारी-शेजारी असल्यामुळे घाईत नजर तिथेच जाते. तरतुदीची तुलना तरतुदीशी करा. सुधारित अंदाजाशी करायची असेल तर तसं प्लेटवरच लिहा, टक्क्यांइतक्याच ठळक अक्षरात. तळाशी बारीक लिहिलेलं कुणी वाचत नाही.

‘आधी आकडा टाक, खुलासा नंतर’ म्हणणारा सीनियर कितीही प्रेमळ असला तरी त्याच्याकडून शिकू नका. तुमची प्लेट थांबवून ‘बेस कुठला?’, म्हणजे तुलना कशाशी, असं विचारणारा खडूस माणूस धरून ठेवा.

बाजाराचंही तेच. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी पडला. म्हणजे साधारण पावणेसहा टक्के. १७ मे २००४ ची घसरण फक्त ५६५ अंशांची होती, पण ती ११ टक्के होती. त्यामुळे ‘ऐतिहासिक’ लिहिण्याआधी टक्के काढा. ‘बाजाराला निकाल आवडला नाही’ हे तर लिहूच नका. २००४ मध्ये जी काँग्रेसप्रणीत यूपीए आघाडी येताना बाजार कोसळला, तीच २००९ मध्ये परत आली तेव्हा तो १७ टक्क्यांनी उसळला. अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं की बाजार हलतो. २०२४ मध्ये एक्झिट पोलनंतर आदल्याच दिवशी सेन्सेक्स अडीच हजार अंश चढला होता, हे न सांगता घसरण दाखवणं म्हणजे अर्धीच बातमी.

मालकीचा प्रश्न उरतो. सीएनबीसी-टीव्ही१८ रिलायन्सच्या छत्राखाली आहे, एनडीटीव्ही प्रॉफिट अदानी समूहाकडे. मालक तुम्ही बदलू शकत नाही. मालकाच्या समूहाची बातमी असेल तर तो संबंध स्क्रीनवर आणि अँकरच्या तोंडी असावा, एवढा आग्रह धरता येतो.

घाबरू नका, याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. १ फेब्रुवारीला भाषण अकराला सुरू होतं, कागद भाषण संपल्यावर येतात. आधीच एक्सेलमध्ये ते चार रकाने आखून पहिले दोन भरून ठेवा, आणि कागद हाती येईपर्यंत भाषणातल्या टक्क्यांची प्लेट करू नका.