घरात कोणाला कावीळ झाली तर नेमके काय करावे

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की दवाखान्यांत काविळीचे रुग्ण वाढू लागतात. डोळे पिवळे दिसताच घरात विचारणा सुरू होते ती औषधाची. अमुक गावचा माणूस रविवारी मोफत पुडी देतो, तमक्याकडे माळ मिळते. पण त्याआधी विचारायला हवे ते हे, की कावीळ कशाने झाली? पित्तनलिकेत अडकलेला खडा, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम, दारू, आणि हिपॅटायटिसचे (यकृताला येणाऱ्या सुजेचे) ए, बी, सी, डी, ई असे पाच विषाणू, यांपैकी कशानेही डोळे पिवळे होतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. कारण कळायच्या आत औषध सुरू केले तर खड्याच्या किंवा लेप्टोच्या रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात. म्हणून हा लेख उपचारापेक्षा शोधावर जास्त रेंगाळणार आहे.

पायरी १ : दिवसाच्या उजेडात पाहा

ट्यूबलाइटखाली पिवळेपणा कळत नाही. रुग्णाला खिडकीपाशी किंवा अंगणात बसवा, खाली बघायला सांगा आणि वरची पापणी हलकेच उचलून डोळ्याचा पांढरा भाग पाहा. डोळे पिवळे व्हायच्या दोन-चार दिवस आधीच लघवी गडद, कडक चहाच्या रंगाची होऊ लागते. त्याच्याही आधी बारीक ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, फोडणीचा वास सहन न होणे, उजव्या बरगडीखाली जडपणा. ही लक्षणे एकत्र दिसली तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका.

शौचाचा रंग फिका, मातकट पांढरा झाला असेल आणि अंगाला खूप खाज सुटत असेल तर पित्ताची वाट अडली असण्याची शक्यता असते. तेव्हा सोनोग्राफी लवकर करून घ्यावी.

पायरी २ : रक्त तपासा, आणि नेमके काय तपासले ते जाणून घ्या

'काविळीची तपासणी' एवढ्यावर थांबू नका. डॉक्टर सहसा दोन गट सांगतात. पहिला गट यकृताच्या कामाचा : बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारे रंगद्रव्य), एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी द्रव्ये), अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप). दुसरा कारणाचा : हिपॅटायटिस ए आणि ई साठी आयजीएम (ताज्या लागणीची प्रतिपिंडे), बी साठी एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचा अंश), सी साठी अँटी-एचसीव्ही (त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे). पावसाळ्यात जोडीला ताप असेल तर मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोही पाहतात. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून किंवा कोकणात भातखाचरातून चालणे झाले असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, लेप्टोचा संशय त्यावरूनच येतो.

भेटायला येणारा प्रत्येक जण 'बिलिरुबिन किती आलं?' एवढेच विचारतो. तो आकडा सुरुवातीला वाढतोच, आणि बरे होत असतानाही काही दिवस रेंगाळतो. खरी नजर ठेवायची ती आयएनआरवर. रक्त गोठवणारी प्रथिने यकृतच तयार करते. ते काम ढासळले की आयएनआर चढतो. बिलिरुबिन १२ इतके चढलेले असूनही आयएनआर ठीक असलेला तरुण रुग्ण बहुधा घरीच बरा होतो. उलट बिलिरुबिन कमी पण आयएनआर वाढता असेल तर त्याला रुग्णालयात ठेवावे लागते.

पायरी ३ : ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात

रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, असंबद्ध बोलतो, ओळखीची नावे विसरतो, हात पुढे धरले की थरथरतात. सतत उलट्या होतात, पाणीही ठरत नाही. हिरड्यांतून, नाकातून रक्त येते, शौच काळी होते. पोट फुगते. यांतले एकही लक्षण 'अशक्तपणामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नये.

गरोदर बाईला कावीळ झाली तर लक्षणांची वाट पाहायचीच नाही. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. एरवी हाच आजार बहुतेकांना आपोआप सोडून जातो. घरात सून किंवा लेक गरोदर असेल आणि आळीत कावीळ सुरू झाली असेल, तर त्या दिवसापासून तिला उकळलेलेच पाणी द्या.

पायरी ४ : घरची काळजी

हिपॅटायटिस ए आणि ई वर विषाणू मारणारे औषध सहसा लागतच नाही. शरीर स्वतः त्याला हटवते, आपण यकृतावरचा भार कमी करायचा. रुग्णाला झेपेल तेवढी विश्रांती द्या, दारू पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी नाही. तापाची साधी पॅरासिटामॉलसुद्धा या काळात विचारूनच घ्यावी, कारण तिचा जास्त डोस थेट यकृतालाच इजा करतो.

खाण्याबाबत आपल्याकडे रुग्णाचे फार हाल होतात. हळद बंद, तेल बंद, डाळ बंद, नुसता उसाचा रस आणि फुटाणे. हळदीने कावीळ वाढत नाही. वरण-भात, मऊ भाकरी, मुगाची खिचडी, ताक, फळे, खात असतील त्यांना उकडलेले अंडे, असे रोजचे अन्न थोडे थोडे पण चार-पाच वेळा द्या. सकाळी भूक बरी असते, तेव्हा जास्त. यकृताला दुरुस्तीसाठी प्रथिने लागतात. रस्त्यावरच्या गुऱ्हाळातला रस मात्र अजिबात नको : त्यातला बर्फ आणि ग्लास विसळायचे पाणी कुठले, हे कोणालाच माहीत नसते.

माळ, चुन्याचे पाणी आणि नाकातले थेंब

गळ्यात घातलेली माळ रोज लांबत जाते आणि गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली असे मानतात. ती ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून केलेली असते. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरी लांबेल. हातांना झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळे होते, ते साल आणि चुना एकत्र आल्यामुळे. निरोगी माणसाच्या हातांनीही तसेच होते.

या दोन गोष्टींनी निदान थेट अपाय होत नाही, वेळ तेवढा जातो. नाकात घालायच्या कडू रसाची आणि पुड्यांची मला खरी भीती वाटते. नाकातून वाहणारे पिवळे पाणी म्हणजे झोंबणाऱ्या रसाने सुजलेल्या नाकाचा स्राव, त्यातून कावीळ बाहेर पडत नाही. पुडीत काय आहे हे देणारा सांगत नाही. गुळवेलीसारखी घरोघर घेतली जाणारी वनस्पतीही निर्धोक मानू नका. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवला तरी सुजलेल्या यकृतावर हा प्रयोग करू नये. ए आणि ई मध्ये बहुतेक लोक औषधाविना बरे होतात, आणि त्याचे श्रेय पुडीला जाते. पुढच्या घरी बी किंवा लेप्टो निघतो, तिथेही तीच पुडी दिली जाते.

पायरी ५ : पाणी

ए आणि ई विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातात. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, आणि तेव्हाही पाण्यात क्लोरीन घातलेच जात होते. तो हिपॅटायटिस ई होता हे कित्येक वर्षांनी कळले. २०१२ साली इचलकरंजीत पंचगंगेच्या दूषित पाण्यातून हाच ई पसरला.

लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे आज आजारी पडलेल्याने महिन्यापूर्वी ते पाणी प्यायलेले असते. म्हणून आळीत पहिला रुग्ण कळताच जलवाहिनी कुठे गटारातून जाते, कुठे गळते, हे नगरपालिकेला लेखी कळवा. गावात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्ट (पाण्यातले क्लोरीन दाखवणारी चाचणी) करून मागा. नळाच्या टोकाच्या घरी, म्हणजे शेवटच्या नळाला, क्लोरीन उतरले आहे का ते पाहायचे असते. टाकीखालच्या नळाला चाचणी करून वहीत सही करणे पुरेसे नाही.

घरात पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी किमान एक मिनिट उकळा आणि त्याच भांड्यात झाकून ठेवा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विषाणू मरत नाही. रुग्ण डोळे पिवळे होण्याच्या आधीच आठ-दहा दिवस विषाणू बाहेर टाकत असतो. त्यामुळे त्याचे ताट वेगळे करण्यापेक्षा शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी सगळ्यांनी साबणाने हात धुणे जास्त कामाचे.

पायरी ६ : न दिसणारी कावीळ शोधा

बी आणि सी विषाणू बहुतेकांच्या अंगात वर्षानुवर्षे गुपचूप राहतात. डोळे पिवळे होत नाहीत, भूक लागते, माणूस कामाला जातो, आणि वीस-तीस वर्षांनी यकृत आकसलेले किंवा कर्करोग झालेला कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे ३ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी होता. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही.

हे विषाणू रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा इथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे बी ची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. म्हणून साध्या तापाला 'एक सुई मारा डॉक्टर' म्हणू नका, आणि सुई लागलीच तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. सलूनमध्ये नवे ब्लेड मागा. जत्रेत गोंदवून घेऊ नका.

बी असलेल्या माणसाबरोबर जेवल्याने, त्याला मिठी मारल्याने, एका संडासाने लागण होत नाही. या आजारापायी मोडलेली लग्ने आणि वेगळी ठेवलेली ताटे पाहिली की जीव तुटतो, कारण जोडीदाराला लशीच्या तीन मात्रा दिल्या की बहुतेकांना संरक्षण मिळते.

प्रत्येक प्रौढाने एकदा तरी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही तपासून घ्यावे. पूर्वी रक्त चढवले असेल, डायलिसिस होत असेल किंवा घरात कोणाला यकृताचा कर्करोग झाला असेल, तर लवकर. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी वर लस नाही, पण साधारण १२ आठवडे रोज गोळ्या घेतल्यावर १०० पैकी ९५ हून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. बी सहसा कायमचा जात नाही. पण तो गोळ्यांनी दबून राहतो. गोळी मनाने बंद केली की उसळतो, आणि ती उसळी जिवावर बेतू शकते.

पायरी ७ : लस

जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत बी कायमचा मुक्काम करतो, मोठेपणी लागण झालेल्यांत शंभरात पाचांपेक्षा कमी जणांत. म्हणून बाळाला पहिली मात्रा जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवी. सुट्टीच्या दिवशी बाळंतपण झाले तर हीच मात्रा हुकते, तेव्हा प्रसूतिगृहात स्वतः विचारा. पुढच्या मात्रा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंटमधून (पाच आजारांवरच्या एकत्र लशीतून) मिळतात. आईला बी असेल तर बाळाला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शनही लागते, त्यानंतर आई दूध पाजू शकते.

ही लस देशभरच्या सरकारी लसीकरणात २०११ पासून आहे. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेलीच नाही. आधी एचबीएसएजी करा, ते निगेटिव्ह आले तर आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशा तीन मात्रा घ्या. ज्यांच्या पोटाचा घेर वाढला आहे (पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर), ज्यांना मधुमेह आहे किंवा जे दारू पितात, त्यांनी त्याच वेळी एसजीपीटी आणि सोनोग्राफीही करून घ्यावी. यकृतावर चरबी साठलेली असेल आणि त्यात बी ची भर पडली तर यकृत लवकर खराब होते. वजन सात ते दहा टक्के उतरवले तर ती चरबी आणि सूज पुष्कळांत कमी होते.