स्टेपवरची खारी तळी: या चुका टाळा, माझं डोकं वाचवा

दरवर्षी एप्रिल-मे आला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. एक गट एमएस्सीच्या पोरांचा, सबमिशन तोंडावर आलेलं आणि विषय असतो 'कझाकस्तानच्या खाऱ्या सरोवरांचं क्षेत्रफळ, सॅटेलाइट इमेजवरून'. दुसरा गट कारागांडाला नाहीतर अस्तानाला एमबीबीएस करणाऱ्या आपल्या पोरांचा, सुट्टीत गाडी भाड्यानं घेऊन तेंगिझ हे तिथल्या स्टेपवरचं, म्हणजे सपाट गवताळ माळावरचं, मोठं खारं सरोवर बघायला निघालेला. एक गट पुण्यात खुर्चीवर बसून फसतो, दुसरा तिथं चिखलात फसतो, पण चूक बघायला गेलं तर एकच. तळं म्हणजे एक ठरलेली जागा, कधीही जा, तिथंच तेवढंच असणार, असं दोघांनी गृहीत धरलेलं असतं. आठ-नऊ वर्षं या इमेजेस बघतोय, दोनदा तिकडं जाऊनही आलोय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी लिंक फेकेन.

पहिली आणि माझी लाडकी चूक: एकच इमेज घेऊन आकडा काढणे.

तेंगिझ हे अस्तानाच्या नैऋत्येला, समुद्रसपाटीपासून साधारण ३०४ मीटरवर. पुस्तकात क्षेत्रफळ १५९० चौरस किमीच्या आसपास मिळेल, पण खोली बघा, सगळ्यात खोल जागी सात-आठ मीटरसुद्धा धड नाही आणि काठ तर ताटासारखा सपाट. पाणी हातभर खाली गेलं की काठ कुठल्या कुठं सरकतो. नुरा नदी वसंतात बर्फ वितळलं की पाणी आणते, बाहेर जायला वाट नाही, मग पूर्ण उन्हाळाभर वाफ. त्यामुळे मेचं तेंगिझ आणि सप्टेंबरचं तेंगिझ ही दोन वेगळी तळी समजा, आणि कोरड्या वर्षातलं तिसरं.

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे मी वरून बोलतोय असं वाटायला नको. नोकरीचं पहिलं वर्ष, एका क्लायंटचं काम (नाव सोडा), चार तळ्यांचं पाण्याचं क्षेत्र काढून द्यायचं होतं. मी सर्च केलं, ढग नसलेली पहिली जी इमेज आली ती घेतली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली, काय स्वच्छ इमेज होती म्हणून खूश. एमएनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखायचा इंडेक्स चालवला, म्हणजे हिरवा बँड (प्रकाशाचा पट्टा) आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड यांचा फरक भागिले बेरीज, शून्याच्या वरचं सगळं पाणी. तेंगिझ आलं दोन हजार चौरस किमीच्या पुढं. मी काय केलं? 'सरोवर वाढतंय' अशी स्लाइड बनवली, वर बाण पण काढला लाल रंगाचा. मीटिंगमध्ये आमच्या मॅडम शांतपणे बघत होत्या आणि एवढंच म्हणाल्या, "अरे, एप्रिलच्या सुरुवातीला तिथं तापमान किती असतं?"

झालं. तळ्यावर बर्फ, काठावर बर्फ, शेजारच्या खोलगट भागात बर्फ, आणि मी सगळं पाणी म्हणून मोजलेलं. त्यात गंमत अशी की बर्फ ओळखायचा जो इंडेक्स आहे, एनडीएसआय, त्याचं सूत्र हेच आहे! तोच हिरवा, तोच शॉर्टवेव्ह. मी पाणी शोधत नव्हतोच, बर्फ शोधत होतो आणि तो इमानदारीत सापडला. तो लाल बाण आठवला की अजून कान गरम होतात.

बरं, एवढ्यानं शहाणा झालो म्हणाल तर नाही. मग ऑगस्टची इमेज घेतली, म्हणलं आता कुठला बर्फ. पण ऑगस्टमध्ये काठावर मिठाचा थर उघडा पडतो, तो वरून पांढरा, आतून ओला. ओलं मीठ आणि स्फटिकात पाणी धरून ठेवणारी सल्फेटची मिठं शॉर्टवेव्हमध्ये बऱ्यापैकी काळी दिसतात, हिरव्यात मात्र चकचकीत, म्हणजे एमएनडीडब्ल्यूआय परत म्हणणार पाणी. उलट साधा एनडीडब्ल्यूआय वापरला, ज्यात शॉर्टवेव्हऐवजी जवळचा इन्फ्रारेड आहे, तर पांढऱ्या तळावरचं बोटभर पाणी त्याला दिसतच नाही, कारण तेवढ्याशा पाण्यातून तो प्रकाश खाली जाऊन परत वर येतो. एक जास्त सांगतो, एक कमी सांगतो. पोरं विचारतात, "दादा, मग थ्रेशोल्ड किती ठेवू?" अरे बाबा, थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या आकड्याच्या वर पाणी धरायचं तो, हे औषध नाहीये. इंटरनेटवरून ०.२ उचलून कुठल्याही तळ्याला लावायचा हा जो प्रकार आहे ना, तो कायद्यानं बंद केला पाहिजे.

मी काय करतो ते सांगतो, शास्त्र म्हणून नाही, सवय म्हणून. वर्षातल्या तीन तारखा घेतो, मेचा शेवट, जुलैचा मध्य, सप्टेंबर. दोन्ही इंडेक्स काढतो. दोघांचं एकमत तिथं पाणी. मतभेद असेल तिथं शॉर्टवेव्ह टाकलेलं फॉल्स कलर (डोळ्यांना न दिसणारे बँड रंगांत दाखवणारी इमेज) उघडून डोळ्यांनी बघत बसतो, चहा घेऊन, एकेक कोपरा. वेळ लागतो. लागू दे. मग जेआरसीचा, म्हणजे युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्राचा, ग्लोबल सरफेस वॉटर डेटा शेजारी लावतो, १९८४ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या इमेजवरून तो प्रत्येक ३० मीटरच्या चौकोनात पाणी किती वेळा दिसलं ते सांगतो, त्यावरून माझा काठ अगदीच वेड्यासारखा नाही ना ते कळतं. आणि आकड्यापुढे महिना नि वर्ष लिहितो. तारखेशिवाय क्षेत्रफळ लिहिलेला रिपोर्ट माझ्याकडे आला तर मी पुढचं पान उलटत नाही, सांगून ठेवतो.

दुसरी चूक, गाडीवाल्यांची: पांढरं दिसलं की कडक असणार.

कझाक लोक अशा खारट तळाला 'सोर' म्हणतात. वरून बघाल तर क्रिकेटचं पिच, सपाट, भेगा पडलेलं. वर मिठाचा चार-दोन बोटं थर आणि खाली काळा चिखल, सडक्या अंड्याचा वास येणारा, आणि तो किती खोल ते गाडी टेकल्याशिवाय कळत नाही. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आपल्या पाच पोरांबरोबर होतो. त्यांची भाड्याची एसयूव्ही, फोर बाय फोर, म्हणून आत्मविश्वास केवढा. मी म्हणलं रस्त्यावर ठेवा, चालत जाऊ. एकाला ड्रोनचा शॉट पाहिजे होता, पांढऱ्यावर गाडी गोल फिरताना. दोनशे मीटर गेली असेल नसेल, मागचं डावं चाक असं आत गेलं की जणू कोणी खालून ओढलं. मग नेहमीचं सगळं झालं, ॲक्सिलरेटर दाबला, अजून खाली. मॅट घातले, मॅट गिळले. फोर बाय फोरचा अर्थ इतकाच की चारही चाकं एकाच वेळी रुततात.

फोनला रेंज नाही, ऊन डोक्यावर, खालून पांढऱ्याचं वेगळं ऊन. पाण्याच्या बाटल्या सहा जणांत चार. शेवटी दोघं सात किलोमीटर चालत गेले, एका मेंढपाळाच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आला, तो माणूस सोरवर उतरलाच नाही, कडेला उभा राहिला आणि लांब दोर फेकला. एवढं एकच बघून शिकलो असतो तरी पुरे होतं. संध्याकाळी गाडी निघाली, ड्रोनच्या व्हिडिओत मात्र सहा माणसं ढकलताना आली, आणि परत दिल्यावर डिपॉझिट गेलं ते वेगळं.

यावर उपाय एकच, झाडं बघा. स्टेपवर तळ्याभोवती झाडोऱ्याची वर्तुळं असतात. लांब उंच मऊ गवत आणि राखाडी, कडू वासाचा दवणा, म्हणजे जमीन ठीक. मग ठेंगणी, खारं सोसणारी खुरटी झुडपं. मग गुबगुबीत, सांध्यासांध्यांचं सॅलिकोर्निया, आपल्या खाडीकाठच्या मोरसच्या जातकुळीतलं, शरद ऋतूत लालभडक होतं. ते दिसलं की गाडी बंद, किल्ली खिशात. त्याच्या पुढं उघडा पांढरा भाग, तिथं फक्त माणूस, तोही काठी टेकत. कोकणात खाजणात चाललेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, घाटावरच्यांना लागतं, मीही घाटावरचाच. आणि तेंगिझ-कोर्गाल्झिन हे १९६८ पासूनचं राखीव अभयारण्य आहे, २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलंय, आत जायला परमिट लागतं. रोहित पक्ष्यांची जगातली सगळ्यात उत्तरेकडची विणीची जागा म्हणून ते नावाजलंय, उजनीला भिगवणजवळ दिसतात तीच जात. त्यांच्या घरट्यांवर ड्रोन उडवायची आयडिया काढणाऱ्याशी मी बोलत नाही.

आता 'इथं पूर्वी समुद्र होता, तो आटला, म्हणून खारं'. हे वाक्य मी इतक्या रिपोर्टमध्ये वाचलंय की आता ते आलं की पेन उचलतो. नदीच्या गोड पाण्यातही थोडं मीठ असतंच. समजा लिटरला अर्धा ग्रॅम. वर्षाला मीटरभर पाणी आलं आणि उडून गेलं तर दर चौरस मीटरला अर्धा किलो मीठ मागं राहिलं. हजार वर्षं करत बसा. समुद्र लागत नाही, फक्त बाहेर जायची वाट बंद पाहिजे. याचा पुरावा तेंगिझच्या शेजारीच आहे, नुरा आधी कोर्गाल्झिनच्या तळ्यांतून जाते आणि मग तेंगिझमध्ये संपते. पाणी वाहून पुढं जातं ती तळी गोडसर, जिथं मुक्काम संपतो ते खारं. नदी तीच, हवा तीच. सायबेरियातल्या कुलुंदा स्टेपचंही असंच, तिथली तळी तर जुन्या प्रवाहांच्या लांबट खोलगट पट्ट्यांत ओळीनं बसलीयेत, शेजारी पाइनच्या जंगलाचे पट्टे, नकाशावर ईशान्येकडून नैऋत्येकडे कोणी फणी फिरवल्यासारखे.

मग समुद्राचं काहीच खरं नाही का? आहे, पण दुसरीकडे. रशियात व्होल्गा नदीच्या पूर्वेला एल्टन आणि बास्कुन्चाक ही तळी, दोन्ही समुद्रसपाटीच्या खाली. तिथं पर्मियन, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, काळातल्या समुद्राचं मीठ जमिनीखाली डोम (घुमट) होऊन वर आलंय, झरे ते विरघळवून तळ्यात आणतात. म्हणजे मीठ समुद्राचं, तळं समुद्राचं नाही. एल्टन उन्हाळ्यात घोट्याइतकंही नसतं! एका वाक्यात तेंगिझ, कुलुंदा, एल्टन कोंबून 'समुद्र आटला' लिहायचं म्हणजे लोणारला आणि मिठागराला एकच कारण देण्यासारखं आहे.

मीठ नेहमी उन्हाळ्यातच बसतं, ही अजून एक. खायच्या मिठाचं ठीक आहे. पण कुलुंदातल्या कुचुकसारख्या तळ्यात सोडियम सल्फेट भरपूर, आणि ते ३२ अंशांच्या पाण्यात जेवढं विरघळतं त्याच्या दहावा भाग शून्य अंशाला विरघळतं. थंडी पडली की न आटताच तळाशी स्फटिक बसायला लागतात. मिराबिलाइट म्हणतात त्याला, अर्ध्याहून जास्त वजन पाण्याचंच. उन्हाळ्यात परत विरघळतं. हे माहीत नसेल तर जानेवारीचा खारेपणा आणि जुलैचा खारेपणा एका ग्राफवर काढून नसलेला ट्रेंड सापडतो. हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी अजून एक, पाण्यात तेवीस टक्के मीठ असेल तर ते उणे २१ पर्यंत गोठत नाही, म्हणून बाहेर कडाक्याची थंडी आहे म्हणजे तळ्यावर चालता येईल असं समजू नका.

बाकीच्या फुटकळ, पटापट.

तेंगिझ म्हणजे कझाकमध्ये 'समुद्र'. तेंगिझ नावाचं तेलक्षेत्र कॅस्पियनजवळ अतिराउकडे आहे, हजारावर किलोमीटर पश्चिमेला. दोन रिपोर्टमध्ये तळ्यातून तेल निघालेलं बघितलंय.

कुलुंदात 'गोर्कोये', म्हणजे 'कडू', नावाची तळी पोत्यानं आहेत. नावावरून शोधू नका, अक्षांश-रेखांश घ्या.

गुलाबी तळं बाराही महिने गुलाबी नसतं. लोणार २०२० च्या जूनमध्ये झालं, त्याच उन्हाळ्यात कझाकस्तानच्या अक्मोला भागातलं कोबेइतुझही झालं, आणि तिथं लोकांनी फोटोसाठी गाड्या घातल्या नि औषधी म्हणून मीठ पिशव्या भरभरून नेलं. रंग खारं पाणी सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, मीठ आणि ऊन जमून आलं तरच येतो. रील बघून तिकीट काढलं आणि तळं करडं निघालं तर मला मेसेज करू नका.

अनवाणी उतरू नका, मिठाचे स्फटिक ब्लेडसारखे कापतात आणि कापलेल्या जागी तेच पाणी लागतं, मग कळतं.

आणि परत आल्यावर गाडी खालून धुवा, त्याच दिवशी, गोड्या पाण्यानं. आमच्या एसयूव्हीचं डिपॉझिट रुतल्याबद्दल गेलं नव्हतं, गंजाबद्दल गेलं होतं.