माळ्यावरनं जुने सुपरहिरो काढलेत? मग या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई चालू होती, आईने माळ्यावरनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली दिला, म्हणाली तुझं काही ठेवायचं असेल तर बघ नाहीतर भंगारवाल्याला देतेय, आणि उघडतो तर आत माझा बॅटमॅन! केनर या खेळण्यांच्या कंपनीच्या सुपर पॉवर्स सिरीजमधला, १९८४ ते ८६ मध्ये आलेली ती सिरीज, पाय दाबले की हात ठोसा मारतात. मामाने अमेरिकेहून आणला होता आणि आमच्या इंदूरच्या रामबागेच्या गल्लीत तसा दुसरा कोणाकडेच नव्हता. तर चाळीस वर्षं जो डब्यात नीट राहिला त्याची मी पुढच्या दोन तासांत पार वाट लावली, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक, नेलपॉलिश रिमूव्हर. तोंडावर काळा डाग होता, बायकोची बाटली घेतली, कापसाच्या बोळ्याने पुसलं, तर डाग राहिला तिथेच आणि हनुवटीचा रंग बोळ्यावर आला, वर खालचं प्लास्टिक धुरकट होऊन गेलं ते वेगळंच. त्यात अ‍ॅसिटोन असतं भिया, आणि खेळण्यांचं कडक प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये चक्क विरघळतं. थिनरचंही तेच. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि जुना मऊ टूथब्रश, बस. तोही आधी तळपायावर फिरवून बघायचा, रंग सुटत नाही ना ते. आणि ज्याच्या पोटात हात-पाय हलवायची मशिनरी आहे त्याला बादलीत बुडवू नका, आत गेलेलं पाणी लवकर सुकत नाही.

बरं, फिगर चिकट झालीय? आमच्याकडे लगेच टाल्कम पावडर फासतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलासारखं केमिकल घातलेलं असतं ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं, तो चिकटपणा त्याचा. पावडरने त्याचा लगदा होतो आणि सांध्यांत जाऊन बसतो. साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, आणि नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबू नका, थोडी हवा लागू द्या. पुन्हा चिकट होईल, पुन्हा धुवायचं.

ठेवण्याच्या बाबतीत आपल्या घरांतल्या दोन सवयी फार वाईट. एक डांबरगोळ्या. कपड्यांच्या ट्रंकेत ठीक आहेत, पण काही प्लास्टिकं त्यांच्या वाफेने मऊ पडतात आणि गोळी टेकली असेल तिथे तर खड्डाच. दुसरी, हत्यारं हरवू नयेत म्हणून हाताला रबरबँडने बांधून ठेवणं, तो रबर वितळून असा चिकटतो की काढताना रंग घेऊनच निघतो. आणि माळा म्हणजे मे महिन्यात इंदूरची भट्टी, वर पत्रा असेल तर बोलायलाच नको. खाली कपाटात ठेवा, खिडकीच्या उन्हात नको.

पिवळं पडलेलं पांढरं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळतं हे खरं, पण रंगकामही फिकं पडू शकतं आणि काही दिवसांनी पिवळेपणा परत येतो. माझं मत विचाराल तर पिवळं तर पिवळं, आपण कुठे तसेच गोरे राहिलोय.

वाकडे झालेले पाय मात्र खरंच सरळ होतात. गरम पाण्यात, उकळत्या नाही, अर्धा मिनिट धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात. जोर लावून थंड पाय वाकवला की टकन् तुटतो, आणि मग लोक फेव्हिक्विक काढतात. त्याने आजूबाजूला पांढरी झाक येते आणि हलणारा सांधा कायमचा जाम.

आता जी. आय. जो, तो खेळण्यातला सैनिक. सुपरहिरो नाही मान्य, पण आपल्या पिढीच्या डब्यात तोच जास्त निघतो. कमरेतनं दोन तुकडे झाला म्हणून फेकू नका! पाठीवरचा स्क्रू काढा, आत एक काळी रबरी रिंग असते तीच फक्त सडलेली असते. नळाच्या सामानाच्या दुकानात जुना तुकडा दाखवा, पाच-दहा रुपयांत काम होतं. घरातला रबरबँड घालू नका, दोन-चार महिन्यांत गळतो, आणि जाड रिंग ठोकून बसवली तर मांड्यांमधला जोडच तुटतो.

आणि त्यावर फनस्कूल लिहिलंय म्हणून डुप्लिकेट समजू नका. फनस्कूल म्हणजे १९८७ ला एमआरएफ आणि जी. आय. जो बनवणाऱ्या हॅस्ब्रोने मिळून काढलेली कंपनी, रीतसर लायसन्सचा माल. काही फिगरचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे आहेत आणि बाहेरचे कलेक्टर नेमके तेच शोधतात.

विकत घेताना होणारी चूक म्हणजे पाठीवरचं साल वाचून भुलणं. ते कॉपीराइटचं किंवा साच्याचं साल असतं, खेळणं त्याच वर्षी बनलं असं नाही. कापडी कपड्यांचे मेगो कंपनीचे आठ इंची सुपरहिरो १९७२ पासून निघाले, त्यांच्या बऱ्याच बॉडींवर रोमन आकड्यांत १९७४ आहे, पण तोच साचा पुढे कितीतरी वर्षं चालला. केप पण नीट बघा, नवीन बनवलेल्या केपा ढिगाने मिळतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ओरिजिनलचा भाव देऊ नका.

शेवटची चूक मी अगदी मन लावून केली. तोंड खराब झालं म्हणून तसाच दुसरा बॅटमॅन ऑनलाइन मागवला, किती दिले ते बायकोला अजून माहीत नाही. रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे आमच्या इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीसाठी, धाकटा भाऊ पुण्याहून आला, मी दोन्ही समोर ठेवले, त्याने धुरकट तोंडाचा उचलला आणि डावा कान बघत बसला. त्या कानावर दाताची खूण आहे, त्याचीच, तीन वर्षांचा असतानाची. म्हणाला, दादा, तोंड कोणी धुतलं रे याचं?

नेताना तोच घेऊन गेला. दुसरा माझ्याकडे आहे, केपसकट, पाय दाबले की दोन्ही हात नीट मारतो. कोणाला हवा असेल तर सांगा, भाव बोलून घेऊ.