एअरबॅगचा लाइट लागला तं आधी जॉबकार्डवर लिहून घ्या

चावी ऑन केली की मीटरवर एक लाल लाइट लागतो, बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा असं चित्र असते त्याच्यात. काही सेकंदांत तो विझला पाहिजे. विझलाच नाही, चालता चालता लागला, किंवा चावी ऑन केल्यावर लागलाच नाही, तिन्ही वाईट. त्यातलं तिसरं सगळ्यात जास्त वाईट, कारण सेकंड हॅन्ड गाडी विकताना काही जण तो लाइटच बंद करून ठेवतात. म्हणून जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा टायर अन् पत्रा नंतर, आधी हा लाइट पहा.

आपल्या इकडं लोक म्हणतात, लाइटच तं आहे ना भाऊ, गाडी तं पळते. पण तो लाइट लागला असला तर धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच असं नाही, आणि आपला रोजचा रस्ता कोणता तं रात्री रोही आडवा येणारा आणि कापसाचे ट्रॅक्टर बिना लाइटचे चालणारा.

गिअरजवळ खाली एक छोटा डब्बा बसवलेला असतो, एअरबॅग कंट्रोलर. धडकेचा जोर मोजून एअरबॅग उघडायची का नाही हे त्यातलं सॉफ्टवेअर ठरवते, तेही पापणी लवायच्या आत. त्यामुळं वायर चांगली, फुगा चांगला, आणि चूक प्रोग्राममध्ये असली तर बाहेरून काहीच दिसत नाही. 2016 मध्ये जनरल मोटर्सनं जगभरातून सुमारे 43 लाख गाड्या याच कारणानं परत बोलावल्या, कंट्रोलर क्वचित टेस्ट मोडमध्ये जायचा आणि मग धडकेत ना समोरची एअरबॅग उघडायची ना बेल्ट ताणला जायचा. आपल्याकडं जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीनं कंट्रोलरसाठीच 17,362 गाड्या बोलावल्या, त्यात अल्टो के10 पण होती आणि ईको पण, म्हणजे गावोगावी फिरणाऱ्याच गाड्या.

आता माझं सांगतो. आमच्या गाडीचा लाइट सोयाबीन काढायच्या दिवसांत लागला. जिल्ह्याच्या गावाला सर्व्हिस सेंटरला नेली तं मेकॅनिक म्हणे, "धूळ गेली असन भाऊ, कोड उडवून देल्ला, आता काई टेन्शन नाई." कोड म्हणजे बिघाड झाला की कंट्रोलरमध्ये साठणारा नंबर, तो मशीन लावून पुसला की लाइट विझतो. आठ दिवसांत पुन्हा लागला, पुन्हा कोड उडवला. तिसऱ्या वेळी जुनी जॉबकार्डं (गाडी घेताना सर्व्हिस सेंटरवाले तक्रार लिहून सही घेतात तो कागद) काढून पाहिली तं दोन्हीवर फक्त जनरल चेकअप लिहिलेलं, एअरबॅग हा शब्दच नाही! म्हणजे कागदावर आमची तक्रार कधी झालीच नव्हती. बायको-पोरं त्याच गाडीत बसून जात होते, त्या दिवशी लय राग आला मला.

म्हणून गाडी आत नेण्याआधीच मोबाइलवर व्हिडिओ काढा, चावी ऑन, लाइट आणि किलोमीटर एकाच फ्रेममध्ये. जॉबकार्डवर "एअरबॅगचा लाइट चालू राहतो" हे आपल्या शब्दांत लिहायला लावा, नाही लिहिलं तर सही करू नका. स्कॅनरमध्ये (कोड वाचायच्या मशीनमध्ये) जो कोड दिसला त्याची प्रिंट मागा, प्रिंट देत नसतील तर स्क्रीनचा फोटो घ्या, आणि हे कोड उडवायच्या आधी, उडवल्यावर काय मिळणार? सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणाले तर ते बिलावर लिहून घ्या. हेही तपासायला सांगा की सीटखालची वायर उंदरानं कुरतडली का, गोडाऊनजवळ गाडी उभी राहते त्यांच्याकडं हे नेहमीचंच आहे. आणि समोर लोखंडी गार्ड लावला असेल तर काढून टाका, धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि नंतर कंपनीला आयतंच कारण मिळते.

मग 17 अक्षरी चेसिस नंबर (आरसीवर असतो) कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे कंपनीनं तुमची गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावली आहे का, ते पहा. असला तर दुरुस्ती फुकट. नसला तर कंपनीला ईमेल करा, नुसता फोन नको. 1 एप्रिल 2021 पासून सरकारी रिकॉलचा नियम आहे, सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार परिवहनच्या पोर्टलवर टाकता येते. तिथं एकाच मॉडेलच्या तक्रारी मोजल्या जातात, त्यामुळं तुमच्या ओळखीत कोणाच्या तशाच गाडीत तेच होत असेल तर त्यालाही टाकायला लावा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते, ते कंपनीकडं पाठपुरावा करतात, पण आदेश देऊ शकत नाहीत.

आदेश पाहिजे असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. शोरूम नागपूरचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, वकील लागतोच असं नाही. 5 लाखांपर्यंतच्या गाडीला फी शून्य, 10 लाखांपर्यंत 200 रुपये. मुदत दोन वर्षांची, म्हणून पेरणी झाल्यावर पाहू, दिवाळीनंतर पाहू असं करू नका.

आणि धडक झाली अन् एअरबॅग उघडलीच नाही तर? मागून ठोकली किंवा हळू लागली तर ती उघडत नाही, ते बरोबरच आहे. पण समोरून जोरात झाली असेल तर गाडी दुरुस्तीला टाकायची घाई करू नका. त्या डब्ब्यात धडकेची नोंद राहू शकते, तो काढू देऊ नका, भंगारात तर मुळीच नाही. पंचनाम्यात "एअरबॅग उघडली नाही" हे वाक्य आलंच पाहिजे, फोटो सगळ्या बाजूंनी काढा. धडकेचा जोर कमी पडला असं कंपनी म्हणेल. ह्युंदाई क्रेटाच्या केसमध्ये हेच म्हटलं होतं, पण एप्रिल 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वेगाचं अन् जोराचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, आणि गाडी बदलून द्यायचा आदेश कायम ठेवला.

ईमेलमध्ये लय काही लागत नाही, एवढं पुरते: "माझ्या गाडीचा (चेसिस नंबर) एअरबॅगचा लाइट या तारखेपासून चालू आहे. या-या तारखांना सर्व्हिस सेंटरला दाखवली, जॉबकार्ड आणि कोडचा फोटो जोडला आहे. कंट्रोलर आणि त्याचं सॉफ्टवेअर तपासून काय सापडलं ते लेखी कळवा. तोपर्यंत ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का, तेही लेखी कळवा."