पाऊस लागण्याआधी फुलझाडांची आळी मोडा

घरच्या बागेतली बहुवर्षायू फुलझाडे पावसाळ्यात किडीने कमी आणि बुंध्याशी साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. गुलाब, मोगरा, अनंत, सोनचाफा, जास्वंद यांच्याभोवती उन्हाळ्यात पाणी टिकावे म्हणून मातीचा गोल बांध घालून आळे केलेले असते. पाऊस सुरू झाला की पाणी घालायचे काम सुटते आणि आळ्याकडे कोणी फिरकत नाही. उन्हाळ्यात झाड जगवणारे तेच आळे पावसात मुळे कुजवते. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर खत, छाटणी, फवारणी सगळे थांबवा. आधी खुरपे घ्या आणि आळी मोडा.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की बारीक पांढरी मुळे दोन-तीन दिवसांत गुदमरायला लागतात. मग फायटोफ्थोरा आणि पिथियम या मुळे कुजवणाऱ्या बुरशीसारख्या रोगजंतूंना रान मोकळे मिळते. यांचे बीजाणू मातीतल्या पाण्यातून पोहत नव्या मुळांपर्यंत जातात, त्यामुळे एका आळ्यातून ओसंडलेले पाणी शेजारच्या झाडालाही रोग देते.

आळे मोडायचे म्हणजे बांधाची माती बुंध्यावर ढकलायची नाही. ही चूक फार होते. बुंध्याची साल ओल्या मातीत गाडली गेली की ती मऊ पडून कुजते. कलमी गुलाबाचा डोळा भरलेला जोड मातीच्या वर ५ सें.मी. तरी उघडा हवा. बांध फोडा, माती बाहेर पसरा आणि बुंध्यापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. झाड मुळातच खोल लावले गेले असेल तर भर घालू नका. उताराच्या दिशेने वीतभर रुंद, ३० सें.मी. खोल चर काढून पाणी बाहेर काढा. चर वाफ्याबाहेर नेऊन सोडा, मध्येच संपवू नका. पालापाचोळ्याचे आच्छादनही बुंध्यापासून १५ सें.मी. दूर सरकवा.

नवीन लागवड करणाऱ्यांनी आधी जागा तपासावी. ३० सें.मी. खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरले की पुन्हा भरा आणि तासाभराने किती उतरले ते मोजा. अडीच सें.मी.पेक्षा कमी उतरले तर त्या जागी खड्ड्यात झाड लावू नका. २५ ते ३० सें.मी. उंच गादीवाफा करून त्यावर लावा. चिकट मातीत खड्डा खणून तो नुसत्या शेणखताने आणि कोकोपीटने भरला तर भोवतालचे पाणी त्यात उतरते आणि खड्ड्याची टाकी होते. खणून काढलेलीच माती निम्म्याहून जास्त वापरा.

कुंड्यांचे आळे म्हणजे खालची बशी. पावसाळ्यात ती काढून टाका. कुंडी दोन विटांवर ठेवा, भोके जमिनीला चिकटू देऊ नका. सळईने भोके मोकळी करा, मुळांच्या गुंत्याने ती आतून बंद झालेली असतात. १२ इंची कुंडीला बोटाएवढी चार-पाच भोके हवीत. तळाला खडीचा थर दिल्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी थराच्या वर अडते आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा कमी होते. अडेनियम आणि शेवंती थेट पावसाखाली ठेवूच नका.

आता ओळखायचे कसे? दुपारी माना टाकून संध्याकाळी ताजे होणारे झाड उन्हाने दमलेले असते. माती ओली असताना सकाळीच सुकलेले दिसले तर मुळे गेली आहेत. नेमके अशा वेळी लोक तहान समजून पाणी घालतात किंवा मूठभर युरिया टाकतात, आणि झाड हातचे जाते. कडेची माती उकरून एक मूळ ओढून बघा: पांढरे, टणक असेल तर ठीक, तपकिरी असून साल सुटून आत दोरा राहत असेल तर कूज लागली आहे. मातीचा वास घ्यायची सवय लावा. सडक्या अंड्यासारखा वास पान पिवळे पडण्याच्या आधी येतो.

अशा झाडाचे आळे त्याच क्षणी फोडा, साचलेले पाणी काढा, फांद्यांच्या घेराबाहेर सळईने २० सें.मी. खोल छिद्रे पाडा. पाणी ओसरल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के (तांब्याचे बुरशीनाशक), लिटरला ३ ग्रॅम, मध्यम झुडपाला २ ते ३ लिटर द्रावण मुळांशी ओता. १२ दिवसांनी पुन्हा. त्यानंतर १५ दिवस थांबून ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला मारणारी मित्रबुरशी) ५० ग्रॅम, २ किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. दोन्ही एकत्र दिले तर तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो. शेंड्याकडची एक तृतीयांश वाढ छाटली तर झाड तगते असे आमचे निरीक्षण आहे, शिफारशीत ते नाही. महिनाभर कोणतेही खत नको.

दुकानात याच झाडासाठी मुळांचे टॉनिक, ह्युमिक, फुले वाढवणारी बाटली असे सगळे हातात ठेवतील. नसलेल्या मुळांनी झाड ते घेणार कसे? मोगऱ्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोहाची महागडी पुडी गळ्यात मारतात. पाणी तुंबलेल्या जागी निचरा झाल्यावर ती पाने बरेचदा आपोआप हिरवी होतात. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तरच हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, चिमूटभर सायट्रिक आम्लासह फवारा.

बाकीची कामे:
– वाळक्या फांद्या उघडिपीतच काढणे, कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर, प्लॅस्टिकच्या भांड्यात)
– जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: निंबोळी तेल ५ मि.लि. + साबण द्रावण १ मि.लि. प्रति लिटर, पानांच्या खालून
– गुलाबाची काळे ठिपके पडलेली पाने वेचून बागेबाहेर टाकणे
– संध्याकाळी ओले गोणपाट पसरून सकाळी त्याखालून गोगलगायी गोळा करणे
– गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर

झाड वाचण्याची शक्यता निम्मीच वाटत असेल तर वाट बघू नका. जास्वंद, मोगरा, अनंत यांच्या अजून हिरव्या, निबर होत आलेल्या फांद्यांची १५ सें.मी.ची छाटकलमे घ्या, खालची पाने काढून जाड वाळूत लावा. या हवेत त्यांना मुळे चांगली फुटतात. मेलेल्या झाडाच्या जागी तेच झाड लगेच लावू नका, आणि त्या खड्ड्यातली माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.